बिल्ला

तो आला तेव्हा गिरणीत दुसरी पाळी चालू होती.
पुढं युनियनचे पुढारी, मुंबईहून आणलेला दुभाषा,
आणि झेंडूच्या हाराखाली घामानं निथळणारा एक उंच माणूस,
अर्धा चेहरा भाजल्या वांग्याच्या सालीसारखा.
झखार लुक्यानोविच. लढाईत रणगाडा चालवायचा.
नायनानं तिथल्या तिथं त्याचा जखरय्या केला,
भवानी पेठेतल्या कुणा दूरच्या चुलत्यासारखा.

मी डबा घेऊन गेलो होतो, म्हणून मला दिसलं.

दुभाषा ओरडत होता, माग त्याचं बोलणं खात होते.
"जखमी असताना, जळत्या रणगाड्यासकट,
शत्रूच्या तोफेवर..." उरलेलं धोट्यानं नेलं.
टाळ्या पडल्या. त्या ऐकू आल्या नाहीत, दिसल्या.

नायना टाळी वाजवत नव्हता.
तो पदकाची फीत बघत होता.
राखी रेशीम, दोन्ही अंगांना निळी कड.
चिमटीत धरली, उलटली, नखानं ताणा मोजला,
मान हलवली. कड ढिली.
मग पदक. चांदीचं, त्यावर नखाएवढा रणगाडा,
पाठीवर आकडा.
नायनानं आपला पितळी बिल्ला काढून पुढं धरला:
अकराशे शहाऐंशी.
पाहुण्याचा भाजलेला अर्धा चेहरा हसू शकत नव्हता.
उरलेला हसला.

त्याचा डावा कान गेलेला. नायनाचे दोन्ही, सोळा वर्षांत.
बहिऱ्याला बहिऱ्याशी बोलायला दुभाषा लागत नाही.

बॉबिनचं रिकामं खोकं ओढून तो खाली बसला,
गुडघे पोटाशी, हातात दोन दांडे, नसलेले.
नायनाला मागच्या तुळईवर बसवलं
आणि त्याचे अनवाणी पाय उचलून
स्वतःच्या खांद्यांवर ठेवले.
नायना चपापला. पाहुण्याला पाय?
त्यानं घोटे सोडले नाहीत.
डावा दाबला, डावीकडं. उजवा, उजवीकडं. दोन्ही, थांब.
वायर तुटल्यावर वरच्या साहेबाचा बूट हीच जीभ.

मग त्यानं नायनाकडं बोट केलं
आणि स्वतःची मान टाकून दिली.
साहेब मेला.
पण डावा पाय त्यानं दोन्ही हातांनी खांद्यावर दाबून धरला.
मेलेल्या माणसाचं वजन.
डावीकडं.
डावीकडं. अजून डावीकडं.
अर्धा फेरा. मग मूठ तळहातावर: तोफ.
मग बोटं गालावर: जाळ.
मग पदकाला टिचकी मारली,
आणि खांदे उडवले, त्यावरच्या पायांसकट.

दुभाषा धावत आला. काय सांगतायत?
"काय नाय," नायना म्हणाला, "मागाचं इचारत होते."

मोराची चादर देऊन त्याला निरोप दिला.
फोटो आला तेव्हा नायना कडेला अर्धा कापलेला,
एक कान, एक खांदा.

पुढं भोंगा थांबला. चिमणी तेवढी उभी.
बिल्ला खिळ्याला, किल्ल्यांच्या जुडग्यात.
नायनाच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरलाय,
संध्याकाळी मी मागं, तो पुढं, तळ्यापर्यंत.
खांद्यावर हात. डावा दाबला की डावीकडं.
हे आम्ही कधी ठरवलं नाही.

परवा अशोक चौकात गुंडेटीचा पोरगा भेटला,
पतपेढीचं काहीतरी लांबण लावत बसला,
माझा हात डाव्या खांद्यावर तसाच विसरला.
बघतो तर नायना वळतोय,
पाव पाव पावलानं, रिक्षांच्या मधोमध,
कुणाला काही न विचारता,
डावीकडं, डावीकडं,
माझ्या तोंडासमोर तोंड येईपर्यंत.
छातीला छाती टेकली
तरी तो पाऊल टाकतच होता.